टिपकेमास्तर

“रेघ ओढू नका रे पोरांनो. टिपका ठेवा. निसता टिपका.”

आमचे ड्रॉइंग मास्तर तासाची सुरुवात याच वाक्याने करत. निजामाच्या अमलात मी केजच्या शाळेत गणित शिकवायचो, तेव्हाची ही गोष्ट. मास्तर तरुणपणी हैदराबादेत दगडावरून चित्रं छापणाऱ्या एका शिळाछापखान्यात कामाला होते. छापलेलं चित्र भिंगातून पाहिलं की नुसते टिपके दिसतात, हे त्यांनी तिथे पाहिलं आणि ते वेड घेऊनच आमच्याकडे आले. एकाच गोष्टीने झपाटलेला असा माणूस तुम्हीही कुठे तरी पाहिला असेल.

गेरू, हळद, नीळ, काजळी डिंकाच्या पाण्यात कालवायची, कडब्याच्या काडीचं टोक बुडवायचं आणि कागदावर टेकवायचं. पोरं हसायची. एकजण म्हणाला, “मास्तर, ह्ये तर आंगावर देवी आल्यावानी दिसायलंय.”

“लांब जाऊन बघ बे, मंग बोल,” म्हणत मास्तरही हसले.

पुढे गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. गाव उठून रानात राहायला गेलं, शाळा कित्येक महिने बंद पडली. उघडली तेव्हा मास्तरांनी एक मोठं चित्र करायला घेतलं. खिडकीतून दिसणारं शाळेचं अंगण. तीस पोरं, तीस कागद. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा तुकडा पाहायचा, दिसेल त्या रंगाचे टिपके ठेवायचे. शेजाऱ्याचा कागद बघायचा नाही.

आठवड्याने सगळे कागद भिंतीवर एकाला लागून एक चिकटवले. मी दारात उभा होतो. लिंबाचं झाड दिसलं, कुंपण दिसलं, आणि झाडाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, लाल मुंडाशाचा मुलगा.

त्या जागी मधल्या सुट्टीत धनगराचा एक मुलगा असाच बसायचा. तो तापात गेला होता.

तो मुलगा चार कागदांच्या सांध्यावर जुळला होता. ते कागद ज्यांचे होते, त्या पोरांना मास्तरांनी विचारलं, “लाल कावून ठेवला?”

चौघांनी एकच सांगितलं. “तितं दिसला, मास्तर.”

हेडमास्तरांनी चित्र उतरवायला सांगितलं. ते उतरवण्याआधीच त्या मुलाचा बाप आला, खांद्यावर घोंगडी टाकून. दारातून बराच वेळ पाहत राहिला. मग हात पुढे करून भिंतीपर्यंत गेला. तिथे नुसते टिपके.

“जवळ गेलं की जातंय, मास्तर,” तो म्हणाला.

मास्तरांनी ते चार कागद सोडवून त्याच्या हातात दिले. तो हलेना.

“लिंब बी द्या. सावली पायजे त्याला.”

मास्तरांनी अख्खं झाड उतरवून दिलं.

त्यानंतर त्यांनी तास घेतला नाही. आठ दिवसांत सामान गाडीत चढलं. मी विचारलं, “मास्तर, कावून चाललाव?”

“माजी पोरगी बी त्याच तापात गेली, परळीला. तिच्या आईजवळ व्हती.” हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. “कवाधरनं कागद घेऊन बसतोय. तिच्या परकराचा रंगच आठवना. कुनाच्या तरी आंगावर दिसंल.”

गाडी निघाली. ओढ्यापलीकडे बायांनी धुणं वाळत घातलं होतं. मास्तरांनी गाडी थांबवली, खाली उतरले, एकेका कपड्यापुढे उभे राहिले. मग नाही अशी मान हलवून पुन्हा गाडीत बसले.