पद्मावतीबाईंचा हात

हलव्याला काटा आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. शेगडीवर परात ठेवायची, परातीत साबुदाणा, त्यावर चमचा-चमचा साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत बसायचं, चार दिवस, पाच दिवस, पाठीचा काटा ढिला होईस्तोवर. विस्तव मंद हवा, हवा कोरडी हवी आणि बसणारीनं मधेच उठायचं नाही. मग कुठे दाण्यावर बारीक पांढरे काटे उभे राहतात. ते दाणे ओवून हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा करायचे आणि नव्या सुनेनं पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर ते मिरवायचे. तेही एक संध्याकाळ. असो, हौसेला मोल नसतं म्हणतात.

हैदराबादेतल्या मराठी घरांत हलव्याचे दागिने म्हटले की पद्मावतीबाईंचं नाव. जामबागेत राहत होत्या तेव्हा शेजारच्या देशपांडेबाईंकडून शिकल्या आणि दोन वर्षांत त्यांच्याही पुढे गेल्या. पुढे मुलाने, श्रीकांतने, कुकटपल्लीला फ्लॅट घेतला, तरी बायका तिथवर यायच्या. बाईंच्या हातालाच काटा आहे, असं म्हणायच्या. पद्मावतीबाई पदर सावरत नुसत्या हसायच्या.

आता खरं ते सांगते. त्या हातानं गेल्या तीन संक्रांतींत एक दाणासुद्धा फिरवला नव्हता. एका सकाळी हलकासा झटका आला, बाकी सगळं सावरलं, पण उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच. तेव्हापासून सगळा हलवा करायची ती त्यांची सून त्रिवेणी. आणि हे घरातल्या तिघांवाचून कुणालाही माहीत नव्हतं, कारण दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशी पद्मावतीबाई सुनेचा हात धरून रडल्या होत्या. मला लोक या हाताने ओळखतात, एवढंच आहे माझ्याजवळ, कुणाला कळू देऊ नकोस, म्हणाल्या. कधी आवाज चढवून न बोललेली सासू. त्रिवेणीचं काळीज हललं आणि ती बोलून बसली, "नाही सांगणार, आत्याबाई. देवाशपथ." बोलायला काय लागतं? जीभ उचलली, टाळ्याला लावली. निभवायला मात्र जन्म जातो.

तेव्हापासून दिवाळी सरली की हा खेळ सुरू. गिऱ्हाईक आलं की पद्मावतीबाई सोफ्यावर, उजवा हात पदराखाली. मापं घ्यायच्या, नमुने दाखवायच्या, कुणाच्या गळ्याला काय शोभेल ते सांगायच्या. त्रिवेणी चहा घेऊन यायची. बायका तिला प्रेमाने उपदेश करायच्या, की सासूकडून शिकून घे गं, ही कला तुझ्या पिढीत बुडायला नको. ती हो म्हणायची, कप उचलायची आणि आत जाऊन पुन्हा परातीपाशी बसायची. बोटं भाजलेली असायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तिचं स्वतःचं असं काही नव्हतं का? होतं ना. कपाटाचा खालचा खण होता. एकदा कोठीच्या बाजारात कलाबतू आणायला गेली असता कागदाच्या दुकानात रंगीत पट्ट्यांची बंडलं दिसली, बोटभर रुंद. घेऊन आली आणि सुईवर गुंडाळून बघितली. गुंडाळली, सोडली, चिमटीत दाबली, तर पान झालं. दुसरी दाबली, तर थेंब झाला. त्या दिवशी वरण लागलं तरी तिला कळलं नाही. मग कानातले झाले, पैंजणं झाली, मोरपंखी रंगाची एक ठुशी झाली. वर पारदर्शक लेप दिला की कागद आहे हे सांगूनही खरं वाटू नये. रथसप्तमी ते दिवाळी एवढे महिने तिचे. त्यानंतर खण बंद. आणि दरवर्षी पाकाने बोटांची कातडी अशी जाड व्हायची की होळीपर्यंत कागदाची कड बोटाला लागायची नाही. तिला भीती वाटायची की एखाद्या वर्षी ती लागायचीच नाही.

श्रीकांतला ती बोलली होती. तो वाईट नव्हता. "आईचा सीझन होऊ दे, मग बघू," असं तो म्हणायचा आणि तीन वर्षं तेच म्हणत होता.

यंदा कार्तिकात एका लग्नात अपर्णाताई भेटल्या. जामबागेत त्यांची मुलींसाठी हस्तकलेची शाळा आहे, लहानशीच. त्रिवेणीच्या कानांकडे बघून त्यांनी विचारलं, हे कुणी केले? आणि त्रिवेणीच्या तोंडून निघून गेलं, "मी." एवढासा शब्द, पण तीन वर्षांत तो पहिल्यांदाच निघाला होता. अपर्णाताईंना फेब्रुवारीपासून कागदी दागिन्यांचा वर्ग सुरू करायचा होता, आठवड्यातून तीन दिवस, कायमचा. नमुने घेऊन या, म्हणाल्या. त्या दिवसापासून त्रिवेणीला दुसरं काही सुचेना. जिथे तिचं काम तिच्या नावानं ओळखतील अशी जगात एकच जागा होती आणि ती जामबागेत होती.

संक्रांतीला चार दिवस उरले असताना ती कोठीला जाते म्हणून निघाली आणि जामबागेला गेली. परातीत शेवटच्या मागणीचा हलवा होता, जुन्या गिऱ्हाईक अलकाताईंच्या नव्या सुनेचा, रसिकाचा. पुण्याची मुलगी, इथे कंपनीत नोकरीला. काटा नुकता धरू लागला होता. आत्याबाईंना तिने फक्त विस्तव बघायला सांगितलं. तिकडे अपर्णाताईंनी बाराही नमुने खिडकीच्या उजेडात धरून बघितले आणि संक्रांत झाली की पक्कं कळवते म्हणाल्या, पण त्यांचा चेहराच सांगत होता. त्रिवेणी बसमध्ये आपलीआपण हसत घरी आली.

घरी परातीत साखरेचा एकच गोळा. पाक सुकतोय असं वाटून पद्मावतीबाईंनी डाव्या हाताने वाटी उचलली होती आणि ती सगळीच पालथी झाली होती. त्या पुढ्यात परात घेऊन बसून होत्या. नवा हलवा करायला दिवस नव्हते आणि जमलं नाही असं कळवायचं, तर पद्मावतीबाईंचा हलवा बिघडला कसा, हे कोण विचारणार नाही? त्रिवेणी म्हणाली, तुम्ही पडा, गोळा फोडून काटा येतो का बघते मी. आणि तिने खण उघडला.

पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या घेतल्या. एका कडेला केसाएवढी बारीक कातरण केली, घट्ट गुंडाळल्या आणि कातरलेली कड बोटाने फुलवली. झाला काटेदार दाणा. वरून डिंकाचं पाणी आणि चिमूटभर पिठीसाखर, चकाकायला. तीन दिवसांत शेकडो दाणे झाले. पद्मावतीबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी डाव्या हाताने हार चाचपला, काटे टोचले, तशा म्हणाल्या, "छान आलाय." त्रिवेणीला इतका आनंद झाला की तिला लाजच वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्या परातीपाशी तिने स्वतःचं काहीतरी केलं होतं.

अलकाताईंकडचं हळदीकुंकू रविवारी, संक्रांतीच्याच दिवशी होतं. एरवी पद्मावतीबाई एकट्या जायच्या, यंदा जिना चढायला आधार हवा म्हणून त्रिवेणी सोबत. तिथे अपर्णाताई दिसल्या. अलकाताईंच्या त्या जाऊबाई, हे तिला तिथेच कळलं. आणि दुसरी एक गोष्ट कळली, ती मात्र आधी कळायला हवी होती. त्या घरची रीत अशी, की ओवाळून झालं म्हणजे दागिने करणारीनेच हारातला एक दाणा तोडून सुनेच्या तोंडात घालायचा. थोरल्या सुनेच्या वेळी, हात धड होता तेव्हा, पद्मावतीबाईंनीच घातला होता. त्रिवेणी परातीपाशी बसणारी, समारंभाचं तिला काय ठाऊक.

अलकाताईंनी बाईंना पुढे बोलावलं. पद्मावतीबाईंचा हात पदराबाहेर येईना. त्या सहज वाटावं असं म्हणाल्या, "त्रिवेणी, तू घाल गं, माझ्यातर्फे."

पळायला वाट नव्हती. तिने दाणा तोडला आणि रसिकाच्या तोंडात घातला. रसिकाने चावला. आधी गोड लागला असणार. मग तिने पुन्हा चावला, पुन्हा चावला आणि दोन बोटांनी बाहेर काढून बघितला.

"हा कागद आहे?"

बायका जमल्या. कुणी हार उचलून बघतंय, कुणी बांगडी. रागावलं कुणीच नाही, उलट सगळ्या थक्क झाल्या. अपर्णाताईंनी तो ओला दाणा उलगडून पाहिला आणि त्रिवेणीकडे बघितलं. आता निघेल सगळं बाहेर, त्रिवेणीला वाटलं. आणि खरं सांगू? तिला भीती वाटलीच नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. तीन वर्षांत एवढा मोकळा श्वास तिने घेतला नव्हता.

पद्मावतीबाईंना हे सगळं आत्ताच कळत होतं. त्यांनी डाव्या हाताने पदर सावरला. "कागदच आहे," त्या म्हणाल्या. "साखरेचं काय, दुसऱ्या दिवशी मुंग्यांची धन. म्हटलं, यंदा काही नवं करावं. पोरीनं जपून तरी ठेवावं."

एकच कौतुक झालं. या वयात, बाई, आणि असले डोळे असताना. अपर्णाताई मात्र गोंधळल्या होत्या. त्यांनी त्रिवेणीला हळू विचारलं, "मग ते बारा नमुने?"

ते माझे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यामागून दुसरा प्रश्न आला असता, त्यामागून तिसरा, आणि भरल्या घरात तो हात पदराबाहेर काढावा लागला असता. तिने सासूकडे बघितलं. पदराआड डाव्या हाताने उजवं मनगट गच्च धरलेलं दिसत होतं. मेलं, तेवढं दिसायला नको होतं.

"आत्याबाईंनीच शिकवलंय," त्रिवेणी म्हणाली.

"तरीच," अपर्णाताई म्हणाल्या आणि पद्मावतीबाईंकडे वळल्या. वर्ग मग तुम्हीच घ्या ना, अशी गळ घातली. पद्मावतीबाईंनी मोठ्या मनाने सांगितलं, की मला आता जाणं-येणं कुठलं झेपतंय, हिला न्या, माझ्या हाताखाली तयार झालीय, अडलं तर मला विचारेल.

परतताना, ऑटोतून उतरायच्या आधी, पद्मावतीबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तू होतीस म्हणून निभावलं, म्हणाल्या आणि डोळे पुसले. खोटं नव्हतं ते. मग म्हणाल्या, की पुढल्या वर्षीची चार घरं ठरली, दोन साखरेची, दोन कागदाची. त्रिवेणीला ऑटोतून उडी टाकावीशी वाटली. घरी श्रीकांत म्हणाला, "वर्ग मिळाला ना? हेच हवं होतं ना तुला?" त्याला काय सांगणार? मिळाला होता हे तर खरंच होतं.

फेब्रुवारीत वर्ग सुरू झाला. अठरा मुली, कुणी तेलुगू, कुणी उर्दू, दोघी-तिघी मराठी. अपर्णाताईंनी ओळख करून दिली, या पद्मावतीबाईंच्या सूनबाई. त्रिवेणीने पहिली पट्टी सुईवर गुंडाळली, सोडली आणि चिमटीत दाबून पान केलं. पुढच्या बाकावर समीना नावाची मुलगी होती, तिने ते पान तळहातावर घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "मॅडम, ये काम तुमकू कौन सिखाए?"

वर्गात पद्मावतीबाई नव्हत्या, अलकाताई नव्हत्या, अपर्णाताईही बाहेर गेल्या होत्या. त्रिवेणीने दाराकडे बघितलं.

"मेरी सास," ती म्हणाली.

"नसीबवाले हैं मॅडम तुम."

"हौ," त्रिवेणी म्हणाली आणि तिने दुसरी पट्टी घेतली.