विणकर गल्लीची पाटी

नगरच्या विणकर गल्लीतली ती भर दुपारची शांतता आठवली की आजही अंगावर काटा येतो.

बेचाळीसच्या चळवळीत तिथला एक तरुण विणकर बेपत्ता झाला होता. देश स्वतंत्र झाल्यावर पालिकेने गल्लीला त्याचे नाव दिले. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, आधी 'कै.' आणि पुढे नाव. तिसऱ्या दिवशी नेमके 'कै.' नाहीसे झाले. रंगाऱ्याने पुन्हा लिहिले, पुन्हा गेले. चौथ्या वेळी तक्रार ठाण्यात आली. मी तिथे फौजदार होतो.

मेलेला माणूसच येऊन पुसतो, असे लोक बोलू लागले. दुपारी माग बंद पडत, दारे लागत. मी शिपाई बसवला. तो तंबाखू मळायला वळला, तेवढ्यात अक्षर गायब! उरलेली पाटी पाहिली, तर कुणा जिवंत माणसाचा पत्ता वाचतोय असे वाटले. मी भुताखेतांना भीक घालणारा नव्हे.

शिडी लावून वर चढलो. पाटीला बोट चिकटले, आंबूस वास आला. सुताला लावतात ती खळ होती, नीळ कालवलेली. म्हणजे भूत विणकरांपैकीच होते.

खबर दिली ती बांगड्या विकणाऱ्या मनियाराने. "सायेब, समदी गल्ली तिला विधवा म्हनती, पन ती माज्याकडं हिरवा चुडा भरती."

ती म्हणजे त्या विणकराची बायको. ठाण्यात आली तेव्हा कपाळावर ठसठशीत कुंकू होते.

"पाटी तुम्हीच पुसता?"

"पुसत न्हाई, झाकते. काठीला कुंचा बांधून."

"कशासाठी?"

"मानूस घावला न्हाई तर बारा वर्सं वाट बगायची, मंग पुतळा करून अग्नी द्यायचा. आमच्यात असंच हाय. आत्ता कुटं पाच झाली. पाटी लागल्यापासून सासू म्हनती, कुकू पूस." मग तिने सरळ माझ्याकडे पाहिले. "मेल्यालं तुमी सोता बगितलं का त्यास्नी?"

मी कपाटातून त्याचा जुना कागद काढला. सीना नदीच्या काठी त्याचा सदरा सापडला तेव्हा 'बुडून मयत' असे मीच लिहिले होते. प्रेत नव्हते. वरून घाई होती, आणि मलाही प्रकरण मिटवायचे होते. पालिकेने तोच कागद धरला. फार लाज वाटली.

तक्रारीवर 'पावसाने अक्षर उडाले' असा शेरा मारला. त्या वर्षी नगरला धड पाऊसच नव्हता, पण कुणी विचारले नाही. जुन्या कागदावर तिच्यासमोर 'बेपत्ता' अशी दुरुस्ती करून सही केली.

मला वाटले, ती हात जोडेल. ती उठली आणि म्हणाली, "बेपत्ता लिवलं न्हवं? मंग शोदा की आता."

पाच वर्षांत आम्ही त्याला एकदाही शोधले नव्हते.

पुढे शोधले, बदल्या झाल्या तरी शोधत राहिलो. तो सापडला नाही. मात्र प्रेत पाहिल्याशिवाय 'मयत' हा शब्द मी पुन्हा कधीही लिहिला नाही.