गोठ्यातली होडी

आमच्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक होडी आहे. म्हशींचं कोणी विचारत नाही. होडीचं मात्र येणारा प्रत्येक जण विचारतो. सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदा लिहून टाकते. शाळा चौथीपर्यंतच झाली आहे, तेवढ्यात बसेल तसं लिहिते.

बेंबळीच्या पुढं आमचं गाव. समुद्र इथून इतका लांब की गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी तो बघितलेला नाही. मी एकदा बघितला. फार काही आवडला नाही. एवढं पाणी समोर आणि प्यायला घोटभर नाही.

आमचे मालक सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते. आमच्याकडच्या पोरांना ही नोकरी लागली की नेमणूक बहुतेक कोकणात मिळायची आणि बदलीसाठी अर्ज करण्यात उमेद जायची. मी इथं शेत आणि सासू सांभाळली, ते तिकडं घाट चढले-उतरले. सुट्टीच्या दिवशी बाकीचे ड्रायव्हर खोलीवर पत्ते खेळायचे, हे बंदरावर जाऊन बसायचे. तिथल्या एका म्हाताऱ्या सुतारानं यांना शीड धरायला शिकवलं. नोकरी संपली तेव्हा त्याच सुतारानं हौसेनं बांधलेली एक लहान होडी यांनी विकत घेतली. आमच्या भागातला एक ट्रक कांदा उतरवून कोकणातून रिकामा परत येत होता, त्यात ती आली. मला वाटलं होतं, फ्रीज येईल.

"ही कुठं चालवायची?" मी विचारलं.

"तळ्यात."

गावाखाली साठवण तलाव आहे. त्या वर्षी त्यात शेरडं चरत होती.

होडी घरात आली तशी तिची खायची-प्यायची व्यवस्था लागली. कोकणात हवाच ओली, लाकडाला काही होत नाही. इथं पहिल्याच उन्हाळ्यात फळ्या आकसल्या आणि मधून बोट जाईल अशा फटी पडल्या. मालक एका लग्नासाठी तुळजापूरला गेले होते, तेवढ्यात माझ्या चुलत दिरानं आपलेपणानं सगळ्या फटी सिमेंटनं लिंपून टाकल्या. घराची भिंत लिंपावी तशा. दीर शेजारीच राहतो, मालकांपेक्षा लहान, तोंड मोठं. मालक परत आले आणि दारातच मटकन बसले.

"पाणी लागलं की लाकूड फुगतं. मधी दगड बसवलास, तर फळी तडकंल न्हाय तर काय?"

"दादा, म्या आपलं चांगलं बघितलं."

"तू माझं चांगलं बघत जाऊ नको."

महिनाभर बसून त्यांनी छिन्नीनं ते सिमेंट काढलं आणि फटींत कापसाच्या वाती ठोकून वरून राळ-तेल लावलं. मग होडी गोठ्यात सावलीला घेतली आणि तिच्यावर गोणपाटं घातली. ती गोणपाटं रोज ओली करायची. मला यात नवल वाटलं नाही. बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात सुकलं की त्यावरची लोखंडी धाव सैल होते, मग आम्ही चाक पाण्यात टाकतो. तीच गोष्ट. फक्त चाकानं गाडी चालते, आणि ही नुसती पडून होती. टँकरच्या दिवसांत आंघोळीचं पाणी आम्ही पाटावर न सांडता घमेल्यात धरायचो आणि तेच तिला घालायचो. होडीला साबणाचा वास यायचा.

होडीबरोबर एक लांब फळी आली होती. होडीच्या मधल्या खाचेतून ती खाली पाण्यात सोडायची असते. मी ती बरीच वर्षं शेवयांचा पाट म्हणून वापरली. उतार चांगला मिळायचा.

दीर पारावर बसून मालकांना छळायचा. मालक एकदा बोलून गेले होते की शिडाची होडी वाऱ्याच्या उलट दिशेनंही आणता येते, तिरकी-तिरकी घेत. दिरानं ते धरून ठेवलं.

"वाऱ्यासंगं तर कडब्याची पेंढी बी जाती, दादा. उलटी येऊन दाखवा. मग मानू."

लोक हसायचे. मालक हसत नसत. हा माणूस कधी कोणाशी पैज लावणारा नव्हता, पण ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. एवढी वर्षं शिकलेलं एकच काम, आणि गावाच्या लेखी ती थाप होती.

मग एका हिवाळ्यात त्यांना झटका आला. वाचले. बोलणं नीट राहिलं, पण डावा हात गेला आणि डावा पाय ओढत चालायला लागले. तेव्हापासून गोणपाटं मी भिजवायला लागले. ते खाटेवरून बघायचे आणि सांगायचे, "पुढच्या टोकाला कोरडं ऱ्हायलं." मी म्हणायचे, "उठा आणि टाका." पण टाकायचे मीच.

मुलगा धाराशिवला राहतो. त्याच्या ओळखीच्या एका ढाबेवाल्याला होडी पाहिजे होती. फाटकात ठेवणार, आत फुलझाडं लावणार, वर लाइटच्या माळा सोडणार. मुलगा भीत-भीत बापाजवळ बोलला, "आबा, आता तुमच्यानं हुईल का?"

मालकांनी गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "एकदा पाण्यात जाऊ दे. मग काय करायचं ते करा."

त्याच वर्षी परतीच्या पावसानं तलाव काठोकाठ भरला. बायकांनी नव्या पाण्याची ओटी भरली. मालकांनी ट्रॅक्टरची ट्रॉली मागवली, होडी काठावर नेली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर पाणी भरून उथळात बुडवली. लाकूड फुगायला. दीर काठावर हजर होताच.

"वैनी, हिला पोहायला शिकवताव का बुडायला?"

"तुमाला पण बसवते मधी," मी म्हणाले.

दोन दिवसांनी होडी उपसली, तर आत थेंब येत नव्हता. आता प्रश्न माणसाचा. उजव्या हातानं मालक सुकाणू धरणार. शिडाचा दोर कोण धरणार? मुलाला रजा नव्हती. बाकीचे काठावर उभे राहून सल्ला देण्यात हुशार.

"तू बस," मालक म्हणाले.

"मला पोहता येत न्हाय."

"मला तरी आता कुठं येतंय?"

मी पदर खोचला, विळा कमरेला होता तसाच राहिला आणि बसले. घराबाहेर पडताना विळा घ्यायचा, एवढं मला आयुष्यानं शिकवलं आहे.

वारा उगवतीकडून होता आणि आम्ही उगवतीच्या काठावरच होतो, म्हणजे जाताना वारा पाठीमागून. शीड फुगलं आणि होडी निघाली. आवाज नाही, धक्का नाही. बैल नाही, डिझेल नाही, आणि काठ मागं चालला आहे. मला ते विचित्र वाटलं. इतकं फुकटचं काम मी कधी बघितलं नव्हतं.

मालकांनी दोर माझ्या हातात दिला होता. म्हणाले, धर. आता दोर हातात आला की आपण काय करतो? खुंटा बघतो. म्हैस असो, रेडकू असो, दोर धरून उभं राहायला कोणाला वेळ आहे? मी बसायच्या फळीला दोन वेढे दिले, गच्च निरगाठ मारली आणि हात मोकळे केले.

तलावाच्या मध्यावर वाऱ्याचा एक झोत बाजूनं आला. शीड त्या जोरानं ताणलं आणि होडी एका अंगावर कलली. काठावरून पाणी आत आलं, माझ्या मांडीपर्यंत.

"सोड! दोर सोड!"

गाठ ओली होऊन दगड झाली होती. मी नखं लावली, दात लावले. मालक एका हातानं सुकाणूला लटकलेले, तोंड पांढरं. मी विळा काढला आणि दोर कापला. शीड सुटून फडफडायला लागलं आणि होडी धापकन सरळ झाली.

मी विळा परत कमरेला खोचला.

"हे जनावर न्हाय," ते म्हणाले. "दोर हातात ठिवायचा. जोर आला की सैल सोडायचा, जोर गेला की वढायचा."

"मग आधी सांगायचं व्हतं."

"धर म्हटलं व्हतं. बांध म्हटलं न्हाय."

वाऱ्यानं आम्हाला मावळतीच्या काठाला नेऊन लावलं. तिथं दुसऱ्या गावाचं शिवार. ज्वारीत काम करणारी माणसं धावत आली. आम्ही पाणी उपसलं. ती माणसं म्हणाली, टेम्पो बघतो, होडी टाकू आणि तुम्हाला सोडू. मालकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना टेम्पोत बसून गावात जायचं नव्हतं, हे मला कळत होतं. तसे गेलो असतो, तर दिराची कडब्याची पेंढी खरी ठरली असती.

कापलेला दोर मी जोडला. विहिरीचा दोर तुटला की जी गाठ मारतो, ती मारली.

"चला," मी म्हणाले.

होडीत पडलेली ती फळी, माझा शेवयांचा पाट, खाचेतून खाली सोडली. मालक म्हणाले, हिच्यामुळंच होडी वाऱ्यानं बाजूला सरकत नाही. मग एका तिरप्या रेषेत निघालो, गावाकडं नाही, तलावाच्या भिंतीकडं. भिंत नाहीतर समोरचा काठ जवळ आला की ते ओरडायचे, "डोकं खाली!" शिडाची आडवी काठी डोक्यावरून पलीकडं जायची, आणि आम्ही दुसऱ्या तिरप्या रेषेत. वारा मला नवा नव्हता. खळ्यावर तिवईवर उभी राहून मी उभा जन्म वाऱ्यावर धान्य उपणलं आहे. झोत येणार असेल तर आधी कानाला कळतं. ते सांगायच्या आधी मी दोर सैल सोडायला लागले, तसे ते सांगायचे बंद झाले. हाताची सालटं निघाली. ऊन कललं, तरी गाव तेवढंच लांब दिसायचं, आणि मग एकदम पारावरच्या वडाच्या पारंब्या दिसायला लागल्या.

जिथून निघालो, त्या ट्रॉलीच्या चाकोऱ्यांजवळच लागलो. लोक जमलेच होते. दीर पुढं आला. होडीकडं बघितलं, शिडाकडं बघितलं.

"वारा फिरला असंल," म्हणाला.

मी खाली उतरले, काठावरची चिमूटभर धूळ उचलली आणि सगळ्यांसमोर वरून सोडली. खळ्यावर भुस्सा सोडून वारा बघतात तशी. धूळ मावळतीकडं गेली, आम्ही जिकडून आलो तिकडंच. दिरानं ती खाली पडेपर्यंत बघितली. मग वाकून मालकांच्या काखेत हात घातला आणि त्यांना होडीतून उचलून काठावर ठेवलं.

"दादा, तंबाखू हाय का?" एवढंच विचारलं.

पुढच्या आठवड्यात ढाबेवाला टेम्पो घेऊन आला. मालक खाटेवर होते. दिलेला शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. म्हणाले, "न्या." आणि भिंतीकडं तोंड केलं.

ढाबेवाला गोठ्यात शिरला. मी गोणपाटं भिजवत होते.

"मावशी, उचलू का?"

"न्हाय."

"मालक तर न्या म्हणले."

"त्यांचा शब्द त्यांचा. आता तिचा दोर मी जोडलाय. फुलझाडं लावायला घमेलं घ्या."

तो गेला. मी घरात आले तेव्हा मालक अजून भिंतीकडंच तोंड करून होते. त्यांनी तसंच विचारलं, "पुढच्या टोकाला टाकलं का पाणी?"

"टाकलं," मी म्हणाले.

त्यानंतरचा पावसाळा त्यांनी बघितला नाही. तलावही नंतर तसा भरलेला नाही. गोणपाटं अजून ओली असतात.