वलगावच्या पुलावरचा डावा दिवा

इरा, ओम, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की तुमची आजी उठून भांडी आवरायला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. अजूनही जाते. तरी हे लिहून ठेवते आहे...

अर्धांगवायूने तुमच्या आजोबांची वाचा गेली, उजवा हात गेला. तेव्हापासून गाडी मी चालवते, ते शेजारी बसतात. पूर्वी अमरावतीहून अकोल्याला तुमच्या आत्याकडे निघालो की ते वलगावला शोभाबाईंकडे भरिताची वांगी घ्यायला थांबायचे, आणि पार पुलापासूनच डावा इंडिकेटर द्यायचे. इतक्या लवकर कशाला, म्हणून मी दर वेळी कुरकुर करायची.

आजारानंतरच्या पहिल्याच फेरीत पुलावर तो आपोआप लागला. टिक-टिक... इंडिकेटरची दांडी मात्र जागेवर. ती स्टिअरिंगच्या उजवीकडे, आजोबांचा हात तिथे पोचणं शक्यच नाही. मी थांबले. शोभाबाईंनी वांगी आधीच काढून ठेवली होती.

"एवढ्या दुरून लाइट तं काकाच देते," त्या म्हणाल्या.

आजोबा ओठांच्या डाव्या बाजूने हसले. आजारानंतर पहिल्यांदा.

पुढे प्रत्येक फेरीत तेच. तुमच्या बाबांनी फोनवर बजावलं — मागून ट्रक येतात, नसता इशारा एखाद दिवशी जिवावर बेतेल, आधी दुरुस्त करून घे. त्याचं बरोबरच होतं. मग गॅरेजवाला रफिक स्कॅनर जोडून मागच्या सीटवर बसला. पुलावर दिवा लागला, तसा तो पुढे वाकला.

"काकू, या गाडीत दांडी सोता दिवा नाई लावत. ते कंप्युटरले निरोप धाडते, मंग कंप्युटर दिवा लावते. आता दांडी तं मधातच हाये... पण कंप्युटरले डाव्या बाजूचा निरोप भेटून राहिला."

"कोणाकडून?"

"दांडीकडूनच दाखवते."

दांडीचा स्विच आतून गेला असेल म्हणून त्याने नवा बसवला. जुना उघडून पाहिला, तर आत काहीच बिघाड नव्हता.

त्यानंतरच्या फेरीत पूल आला आणि गेला. दिवा लागला नाही. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दांडीकडे, आणि मान खिडकीकडे वळवली. मी स्वतः इंडिकेटर दिला, थांबले, वांगी घेतली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

रफिक हसला, पण जुना स्विच मी परत बसवून घेतला. दिवा अजून लागलेला नाही. तो निरोप कुणाचा होता, मला सांगता येत नाही.

आता पूल आला की मी गाडी हळू करते, दांडीवरचा हात काढून घेते... आणि वाट पाहते.