खुर्चीराखा वेंडेल

बरबँकच्या आमच्या गल्लीत वेंडेल हॅगर्टीला सगळे ‘खुर्चीराखा’ म्हणत, आणि त्याला त्याचा कधी राग आला नाही. एमीच्या, म्हणजे टीव्हीवाल्यांच्या बक्षिसांच्या, सोहळ्यात खुर्ची राखायची म्हटलं की परक्याला वाटतं, केवढा मान. मान कसला डोंबलाचा. टीव्हीवरचे तारे झाले तरी त्यांनाही लघवीला लागते, घसा सुकतो, बाहेर जाऊन दोन झुरके मारावेसे वाटतात. पण कॅमेऱ्याला रिकामी खुर्ची खपत नाही. म्हणून भिंतीला लागून काही सभ्य दिसणारी माणसं उभी करून ठेवतात. जाहिराती लागल्या की रिकाम्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि मालक आला की मुकाट उठायचं. बोलायचं नाही, सही मागायची नाही, फोन तर दारातच काढून घेतात. दमडी मिळत नाही आणि काळा सूट स्वतःचा लागतो.

वेंडेलने उभा जन्म स्टुडिओत सुतारकाम केलं. त्याने ठोकलेल्या स्वयंपाकघरांत कितीतरी कुटुंबं टीव्हीवर भांडली, रडली, पुन्हा गळ्यात पडली, आणि मालिका संपली की त्यानेच ती स्वयंपाकघरं कटावणीने उचकटून ट्रकमध्ये भरली. “माझ्या दारातून आत गेलेल्यांनी एमी नेल्या, दाराला कोणी विचारलं नाही,” असं तो म्हणायचा, पण हसून. गुडघे गेले, काम सुटलं, पोट सुटलं, केस पांढरेशुभ्र झाले. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने तो या खुर्च्या राखायला लागला, आणि दर सप्टेंबरला जातच राहिला.

त्याला या सोहळ्याची हौस होती असं नाही, हौस होती नादीनला. नादीन म्हणजे त्याची बायको. शाळेची बस चालवायची. नजर अशी की आरशातून मागच्या बाकावरच्या पोराच्या गालातलं च्युइंगगम ओळखायची आणि तिथूनच दरडावायची, “थुंक ते.” एमीच्या दिवशी ती टीव्हीसमोर ठाण मांडून बसायची. कोण जिंकलं याच्याशी तिला देणंघेणं नसे. तिला हवा असायचा वेंडेल. एका वर्षी त्याचा कान दिसला, एका वर्षी मान. एकदा अख्खा दिसणार तेवढ्यात पुढच्या बाईने आपला केसांचा डोंगर मध्ये आणला. नादीनने त्या बाईला अशा शिव्या घातल्या की शेजारची फुमी काय झालं म्हणून धावत आली. चेहरा मात्र कधीच दिसला नाही.

मग तिचे डोळे बिघडले. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा झिजत चाललाय. आधी मधलं जातं, कडा तेवढ्या राहतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माणसांचे चेहरे ओळखता येणार नाहीत, मनाची तयारी ठेवा. नादीनने घरी येऊन गाडीच्या किल्ल्या वेंडेलच्या पुढ्यात ठेवल्या आणि भांडी घासायला लागली. रडली-बिडली नाही. त्यानंतर ती टीव्ही बघायची तो मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, जशी काही टीव्हीशी भांडण झालंय. वेंडेल मनाशी म्हणायचा, कोपऱ्यातून का होईना, दिसतंय ना, पुष्कळ झालं.

त्या वर्षीच्या सोहळ्याच्या सकाळी ती कॉफी ओतता ओतता म्हणाली, “आज तरी चेहरा दाखव बाबा. पुढच्या वर्षी दाखवलास तरी माझ्या काय कामाचा?”

“कुठली खुर्ची मिळेल ते माझ्या हातात आहे का?”

“इतकी वर्षं जातोस. एक बरी खुर्ची पटकावता येत नाही तुला?”

“पटकावतो,” वेंडेल म्हणाला.

फुमी हामासाकी तिथेच बसली होती. ही शेजारची विधवा. स्टुडिओच्या कपड्यांना इस्त्री करण्यात हिचं आयुष्य गेलं, आणि वेंडेलच्या सूटचं बटण दर वर्षी हीच पुढे सरकवून द्यायची. ती म्हणाली, “यंदा बटण सरकायला जागा उरली नाही. श्वास घेऊ नकोस म्हणजे झालं.”

वेंडेल मेट्रोने गेला. आमच्याकडे भर दुपारी काळा सूट घालून बसलेल्याकडे कोणी वळून पाहत नाही, वेटर असेल म्हणतात. सप्टेंबरचं ऊन मरणाचं होतं. सगळ्या खुर्चीराख्यांना मागच्या दाराशी उन्हातच उभं केलं, मग आत भिंतीला लावलं. त्यांच्यावर देखरेखीला एक तरुण मुलगी होती, कानात यंत्र अडकवलेली. तिने नियम वाचून दाखवले आणि शेवटी म्हणाली, “कॅमेरे चालू असताना कोणीही जागचं हलायचं नाही. जो हलेल त्याला पुढच्या वर्षी बोलावणं नाही.”

बराच वेळ वेंडेलला काही मिळालंच नाही. त्याच्या आधीचे जात होते, बसत होते, परत येत होते. मिळाली तीही पार कडेची, खांबाआडची. त्याचा जीव टांगणीला लागला. इतक्यात पुढच्या जाहिराती लागल्या, आणि त्या मुलीने त्याच्या दंडाला धरून अगदी पुढे नेलं. “दुसरी ओळ. बसा, पटकन.”

शेजारी इमोजेन ट्रास्क. नाव पटकन कोणाला आठवायचं नाही, पण चेहरा दाखवला तर घराघरात ओळखतील. उभ्या कारकिर्दीत कुणाची मावशी, कुणाची सासू, कुणाची घरमालकीण. सत्तरी उलटल्यावर यंदा पहिल्यांदा बक्षिसाच्या यादीत तिचं नाव आलं होतं, आणि याच जाहिराती संपल्या की तिच्याच गटाचं बक्षीस होतं. वेंडेलच्या हे लक्षात आलं आणि तो सरळ होऊन बसला. पाच नावं वाचणार, पाची चेहरे पडद्यावर मोठे करून दाखवणार. तिचा चेहरा दाखवला की शेजारचा सुटतो कसा? नादीनला आज तो दिसणार होता, सबंध, समोरून.

इमोजेनबाईंचे हात थरथरत होते. त्या समोर बघतच पुटपुटल्या, “तुम्हाला बोलायची बंदी आहे, माहितीये मला. नुसते बसा. माझा नवरा गेलाय बाथरूमला. पन्नास वर्षांचा संसार, पण नेमकं काही घडायचं असलं की हा माणूस बाथरूममध्ये. पोरी झाल्या तेव्हाही तिथेच होता.”

वेंडेलला हसू आलं, ते त्याने दाबलं. बंदी म्हणजे बंदी.

“बाकी कुणी नसलं तरी चालेल मला,” बाई म्हणाल्या. “हरणार आहे हे तर दिसतंच आहे. पण एकटीने हरायचं म्हणजे...”

वेंडेलने मान वळवली. हॉलच्या दाराशी एक म्हातारा त्या मुलीशी हुज्जत घालत होता. पांढरे केस, काळा सूट, अंगाने नुसता काडी. ती त्याला आत सोडत नव्हती, पुढच्या जाहिरातींपर्यंत थांबा म्हणत होती. त्याचं तिच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तो टाचा उंचावून दुसऱ्या ओळीकडे, आपल्या बायकोच्या डोक्याकडे बघत होता. वर कोणीतरी ओरडलं, आता सुरू होतंय, जागेवर बसा.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? शहाण्या माणसाने खाली बघितलं असतं. नियम त्याच्या बाजूचा, खुर्ची त्याच्या बुडाखाली, घरी बायको मान वाकडी करून बसलेली. वेंडेललाही तसंच बसावंसं वाटलं, आणि मनापासून वाटलं. पण शेजारच्या बाईचे हात काही थांबेनात. आपल्याला बघायला घरी कुणीतरी बसलंय तसं हिलाही आपलं माणूस हवंय, आणि तिच्या माणसाच्या जागी आपण ठाण मांडून बसलोय, हे एकदा मनात आल्यावर त्या गुबगुबीत खुर्चीत त्याला बसवेना.

तो उठला. गुडघे कुरकुरले. कॅमेरे सुरू व्हायच्या बेतात असताना हा एवढा मोठा गडी मधल्या वाटेने दाराकडे चालत गेला. ती मुलगी दात-ओठ खात म्हणाली, “मिस्टर हॅगर्टी, मागे फिरा.” वेंडेलने म्हाताऱ्याचा दंड धरला आणि म्हणाला, “जा साहेब, खुर्ची गरम करून ठेवलीय.” म्हातारा गेला तो जवळजवळ पळतच. तो टेकला आणि दिवे लागले.

वेंडेलने ते भिंतीला टेकून पाहिलं. नावं वाचली, चेहरे पडद्यावर आले. इमोजेनबाईंच्या चेहऱ्याशेजारी तो काडीपैलवान, धापा टाकत, दोन्ही हातांत तिचा हात घट्ट धरून. बक्षीस दुसरीच कुणी घेऊन गेली. टाळ्या झाल्या. वेंडेलनेही वाजवल्या, न वाजवून सांगतो कोणाला.

जाहिराती लागल्यावर ती मुलगी आली. रागावलेली नव्हती, दमलेली होती. “पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावता येणार नाही मला. कळतंय ना?”

“कळतंय,” तो म्हणाला, आणि फोन घेऊन बाहेर पडला.

परतीच्या वाटेवर त्याला एकच चिंता. नादीनला सांगायचं काय? जमलं नाही म्हणावं, तर तिची शेवटची संधी आपण हाताने घालवली. कारण सांगावं, तर ती म्हणेल, परक्या बाईचे हात कापले ते दिसले तुला. आणि ती तसं म्हणाली असती तर तिचं काही चुकलं नसतं. स्वतःचाच इतका राग त्याला सगळ्या आयुष्यात आला नव्हता.

घराच्या पायरीवर फुमी उभी. वेंडेलला बघताच तिने आपल्या पाठीमागे घराचं दार ओढून घेतलं.

“ऐक,” ती हळू आवाजात म्हणाली. “आत जायच्या आधी ऐकून घे. तिने तुला पाहिलं.”

“कसं पाहील? मी नव्हतोच तिथे. मी उठलो.”

“ते मला कळलं रे. मला डोळे आहेत. त्या ट्रास्कबाईच्या शेजारी तो वाळका म्हातारा होता, तिचा नवरा असेल. चेहरा केवढा दाखवला, टीव्हीभर. आणि नादीन म्हणते, आला, आला माझा वेंडेल. माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय. टीव्हीभर चेहरा, वेंडेल. तरीही. म्हणजे तिला किती दिवसांपासून दिसत नाहीये कोण जाणे. मी काही बोलले नाही. आता तुझं तू बघ.”

फुमी तिच्या घरी गेली. वेंडेल पायरीवर बसला. पुढचा उन्हाळा, पुढचा उन्हाळा म्हणत दोघं दिवस ढकलत होते, आणि तो उन्हाळा येऊन कधीच गेला होता. तिने कळू दिलं नाही. रोज समोरासमोर बसून जेवले, आणि त्याला पत्ता नाही. त्याला खरंच रडू आलं. मग त्याने नाक पुसलं आणि आत गेला.

नादीनने टेबलावर जेवण मांडून ठेवलं होतं, चीज घातलेली मॅकरोनी आणि वाटाणे. ती त्याच्याकडे तोंड करून बसली.

“आलास का? बस. पाहिलं मी तुला.”

“पाहिलंस?”

“अगदी समोरून. कसली खुर्ची पटकावलीस रे. आणि परक्या बाईचा हात धरून बसलास ते? नियमात बसतं का ते?”

खरं वेंडेलच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ती इतकी खूश कित्येक महिन्यांत दिसली नव्हती.

“तिचे हात थरथरत होते,” तो म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

“ते कळलं मला. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग ती हरली, आणि तू हात सोडला नाहीस. ते बघून मला बरं वाटलं. माझंही असंच होईल म्हटलं.”

“होईल,” वेंडेल म्हणाला. त्याने मॅकरोनीचा घास घेतला.

“पण एक सांगू का?” तिने टेबलावरून हात पुढे केला, चाचपडत त्याची बाही शोधली. “वाळलायस रे तू. गाल केवढे आत गेलेत, मान नुसती काडी झालीय. रोज माझ्यासमोर बसतोस आणि मला दिसलं नाही. माझ्याच दुखण्यात मी, तुझ्याकडे लक्ष द्यायचं राहूनच गेलं.”

वेंडेलने खाली पाहिलं. ताणलेलं पोट टेबलाच्या कडेला लागलेलं होतं.

“उद्यापासून नीट जेवतो,” तो म्हणाला.

“उद्यापासून कशाला?” नादीन उठली. टेबलाच्या कडेला बोटं लावत लावत ती त्याच्या बाजूला आली, भांडं शोधलं, डाव शोधला, आणि त्याच्या ताटात मोठमोठे डाव घालायला लागली. एक डाव ताटात पडला, दुसरा अर्धा टेबलावर सांडला. तिला ते कळलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच उभी राहिली, तो खातोय का ते ऐकत. वेंडेलने ताटातलं संपवलं, मग टेबलावर सांडलेलंही उचलून खाल्लं.