काटेरी शंख

ओहोटीला किनाऱ्यावर कोळीणबाई जयाबाई जाळ्यात अडकलेला एक शंख सोडवत होत्या. मागे नळीसारखं लांब शेपूट, अंगभर सुयांसारखे काटे आणि तोंडाशी मात्र बाळाच्या हिरडीसारखी गुलाबी, गुळगुळीत कड. आत जीव होता.

"काटे मोडा की, पटकन सुटेल," मी म्हणालो.

"नको. ह्यो चिखलात ऱ्हातो. काटं हायेत म्हणून रुतत नाय."

त्यांनी जाळ्याचेच दोन धागे कापले आणि शंख पाण्यात सोडला. "जाळं काय, दुपारी शिवीन."

काटे फक्त दुसऱ्याला लांब ठेवायला असतात, असंच मी आजवर समजत होतो. घरी मला सगळे खडूस म्हणतात. ओल्या चिखलातून परतताना मी खुशीत होतो. खडूस तर खडूस. कधी रुतलो तर नाही!