विहाराच्या माडीवरचं गणित

दुसऱ्यांदा नापास झाल्याचं मला कॉलेजच्या सायकल स्टँडवर कळलं. सकाळपासून निकालाची साइट उघडत नव्हती. ती उघडली तेव्हा मी गाडीला किल्ली लावत होते. बाकीचे सगळे विषय निघाले होते, गणिताचा एक पेपर तेवढा पुन्हा राहिला होता. मार्क आधीच्या खेपेपेक्षाही कमी. म्हणजे मधल्या काळात मी जो काही अभ्यास केला, त्यानं मी पुढं जायच्या ऐवजी मागंच आले होते.

मी पुसदला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव ढाणकीच्या बाजूला, तिथं बाबांची शेती. पुसदला बाबांचे थोरले भाऊ राहायचे. त्यांना मी मोठे बाबा म्हणायची आणि शिकायला त्यांच्याच घरी होते. खत-बियाण्याचं दुकान, माणसांत वट, बोलणं कमी. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. बाबा तर त्यांच्यासमोर खुर्चीवरसुद्धा नीट टेकून बसत नसत.

निकाल ऐकून मोठे बाबा एवढंच म्हणाले, "आता एकच संधी हाय. हे गेली तं तिसऱ्या वर्षाले घेत नाई कोणी. क्लास लाव एखादा."

क्लास कुठला लावणार? पुसदमध्ये दहावी-बारावीचे क्लास गल्लोगल्ली आहेत, पण बी.एस्सी.चं गणित शिकवायला कोणी तयार नव्हतं. कॉलेजातल्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, जुने पेपर सोडव. जुने पेपर मी पाठच केले होते. खरी अडचण तीच होती. प्रश्न जसाच्या तसा आला तर मी पान भरून लिहायची. एक आकडा किंवा एक चिन्ह बदललं की हात थांबायचा.

वर्गातली एक मैत्रीण माझ्या शेजारी बसायची. तिनं सांगितलं, "आमच्या विहाराच्या माडीवर अभ्यासिका आहे. तिथं एक ताई संध्याकाळी शिकवते. एम.एस्सी. आहे, ज्युनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवते. येतेस काय?"

मी लगेच हो म्हटलं नाही. तिचा मोहल्ला बौद्धांचा. आमच्या घरातलं कोणी त्या बाजूला कामाशिवाय जात नसे, आणि गेलंच तर परत येऊन त्याबद्दल बोलत नसे. हा नियम मला कोणी शिकवला नव्हता, तरी तो मला पाठ होता. मैत्रिणीलाही तो माहीत असावा, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

परीक्षा जवळ यायला लागली तशी माझी झोप उडाली. शेवटी मी मोठ्या आईला, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाली, "जा. पण तोंड बांधून जाजो, अन् मांगच्या गल्लीनं. ह्यायले म्या सांगत नाई."

आमच्याकडे सगळ्याच पोरी उन्हाधुळीला स्कार्फ बांधतात. त्यामुळे स्कार्फ बांधलेली पोरगी कोणाची, हे रस्त्यावर कोणी विचारत नाही. त्या दिवशी मात्र मी आरशात बघून गाठ दोनदा घट्ट केली.

माडी टिनाची होती. खाली विहारात बुद्धमूर्ती, बाजूनं लोखंडी जिना. वर पोलीस भरतीची तयारी करणारे चार-पाच जण एका कोपऱ्यात वाचत बसलेले, दुसऱ्या कोपऱ्यात फळा. ताई तिशीच्या आसपास असेल. केस घट्ट बांधलेले, आवाज बारीक पण धारदार. नाव, गाव काही न विचारता तिनं माझ्या हातात खडू दिला.

"वजा तीन, कंसात एक्स वजा दोन. कंस सोडव."

मला अपमान वाटला. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला हे विचारायचं? मी लिहिलं, वजा तीन एक्स, वजा सहा.

ताई फळ्याकडे बघत राहिली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"वजानं वजाला गुणलं की काय होते?"

"अधिक."

"मग?"

उत्तर मला येत होतं, पण हातानं चुकीचं लिहिलं होतं. कितीतरी वर्षं तो असाच लिहीत आला असणार, आणि पुढचं पानभर गणित त्या एका चिन्हावर कोसळत असणार. ताई म्हणाली, "तुझं दुसऱ्या वर्षाचं गणित अडलेलं नाही. ते आठवीत अडलंय. तिथून यायची तयारी असेल तर उद्या ये."

मी दुसऱ्या दिवशी गेले. तिनं आठवी-नववीची पुस्तकं काढली. कंस, अवयव, अपूर्णांक. एकीकडे परीक्षा अंगावर येत होती आणि मी आठवीची उदाहरणं सोडवत बसले होते. एकदा न राहवून म्हणाले, "ताई, असं कसं होईन? सिलॅबस राह्यला ना सारा."

"पायाखाली चिखल असताना पळता येते काय?" असं म्हणून तिनं आणखी उदाहरणं दिली.

पुढं हळूहळू ती दुसऱ्या वर्षाच्या गणिताकडे आली. दहावीपर्यंत मी मराठीतून शिकलेली. अकरावीला सगळं एकदम इंग्रजीत आलं तेव्हा मी अर्थ सोडून शब्दच गिळले होते. ताई ते एकेक शब्द माझ्या तोंडून परत काढायची. "डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय? पुस्तकातलं नको, तुझ्या भाषेत सांग." मी पुन्हा पुस्तकाकडेच पाहिलं. ती म्हणाली, "तू गाडीवरून येतेस. मीटरचा काटा काय दाखवते?"

"स्पीड."

"कधीचा?"

मी विचार केला. "त्याच टायमाचा."

"झालं. त्या क्षणाला किती वेगानं बदलून राह्यलं, एवढंच ते. बाकी हिशेब."

त्या संध्याकाळी घरी जाताना मी रस्ताभर मीटरकडेच बघत होते.

पण भीती गेली नव्हती. मागच्या गल्लीतून जायचं, तोंड बांधून जिना चढायचा, वर गेल्यावरच गाठ सोडायची. उतरताना पुन्हा तेच. ताईच्या नजरेतून हे सुटणार नव्हतं. एकदा सगळे गेल्यावर तिनं मला थांबवलं.

"बाकीच्या पोरी रस्त्यावर बांधतात. तू जिन्यातच बांधतेस. काहून?"

मला खोटं सुचलं नाही. मी खरं ते सांगितलं. मोठे बाबा, मोठी आई, मागची गल्ली, सगळं. ती फळा पुसत होती. पुसून झाला तरी हात फिरवत राहिली.

"मी तुला येऊ नको म्हणणार नाही," ती म्हणाली, "तुझा पेपर आहे. पण इथं येणं ही चोरी आहे असं तू मानत असशील, तर तुझं डोकं जिन्यातच राहील. फळ्यापर्यंत येणार नाही."

मला रडू आलं नाही, राग आला. तिचा नाही. कोणाचा ते सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या रस्त्यानं आले, उघड्या तोंडानं. विहारासमोरच्या पानठेल्यावर माणसं उभी होती. त्यांतला एक आमच्या दुकानाचा नेहमीचा गिऱ्हाईक. त्यानं मला पाहिलं, मीही त्याला पाहिलं.

दोनच दिवसांत मोठे बाबा तिथं आले.

मी फळ्यापाशी उभी होते. समीकरण 'एक्झॅक्ट' आहे की नाही, म्हणजे त्याच्या दोन भागांचे डेरिव्हेटिव्ह सारखे येतात की नाही, ते तपासायचं होतं. खाली मोटारसायकल थांबली. तो आवाज मी शंभर गाड्यांत ओळखला असता. लोखंडी जिन्यावर पावलं वाजली आणि ते दारात येऊन उभे राहिले. भरतीवाल्या पोरांनी मान वर केली. माझ्या मैत्रिणीनं पेन खाली ठेवला.

"चाल," मोठे बाबा मला म्हणाले.

ताई उठली. "नमस्कार. बसा ना. अर्ध्यात आहे ती, हे एक होऊ द्या."

ते बसले नाहीत. आतही आले नाहीत. पण काय झालं कुणास ठाऊक, परत "चाल" असंही म्हणाले नाहीत. वळून जिना उतरले आणि खाली गाडीपाशी उभे राहिले. खिडकीतून त्यांचं डोकं दिसत होतं.

मी पुन्हापुन्हा खिडकीकडे बघत होते. ताई हळूच म्हणाली, "खिडकीत गणित नाही. फळ्याकडे बघ."

मी फळ्याकडे वळले. पहिल्या भागाचा डेरिव्हेटिव्ह काढला, दुसऱ्याचा काढला. दोन्ही सारखे आले. मग पुढचं. मधे वजा बाहेर असलेला एक कंस आला. मी थांबले, आतली चिन्हं एकेक करून बदलली आणि पुढं गेले. उत्तर आलं. ते तपासूनही पाहिलं.

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "आता जा."

मोठ्या बाबांनी मला त्यांच्याच गाडीवरून घरी नेलं. माझी गाडी तिथंच राहिली होती. घरी आल्यावर त्यांनी बाबांना फोन लावला. "उद्या ये. पोरगी सांभाळून घेऊन जा आपली." मोठी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिचं नाव मी घेतलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

बाबा सकाळच्या एसटीनं आले. ओट्यावर बसून थोरल्या भावाचं सगळं ऐकून घेतलं. लोक काय म्हणतात, दुकानात काय बोलणं निघालं, उद्या हिचं लग्न करायचंय. बाबा मान खाली घालून ऐकत होते. ही मान मला माहीत होती. ती नेहमी होकारावर संपायची.

मग त्यांनी मला विचारलं, "तिथं शिकवते ते समजते काय तुले?"

"समजते."

"पयले समजत नोतं?"

"नाही."

ते उठले. "दादा, म्या जागा पाहून येतो," म्हणाले.

आम्ही ऑटोनं गेलो. ताई तेव्हा एकटीच होती, पुस्तकांच्या कपाटाशी काही करत होती. बाबांनी जिन्याखाली चपला काढल्या, वर आल्यावर टोपी काढून हातात घेतली. कोणाला भेटायचं असलं की त्यांना सुरुवात कशी करावी ते कळत नाही. ते सरळच बोलले.

"ताई, हे पास होईन काय?"

"सांगता येत नाही," ताई म्हणाली. "पाया कच्चा राहिला होता, तो भरून काढतोय आम्ही. मेहनत करते. पण पास होईलच असं मी म्हणणार नाही."

मी हिरमुसले. दोन गोड शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? बाबा मात्र तिच्याकडे बघतच राहिले. थोडा वेळ खाली चटईवर बसले, फळ्यावर कालचं अर्धवट पुसलेलं गणित होतं ते पाहिलं, पाणी मागून प्यायले आणि निघाले.

ऑटोत म्हणाले, "जिंदगीभर बियाणं घेतलं. इकणारा हरेक जण गॅरंटी देते. हे बाई देत नाई. तू जाय हिच्याकडं."

मी विचारलं, "मोठ्या बाबांना काय सांगाल?"

"हेच सांगीन."

आणि त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, ओट्यावर उभं राहून. मोठ्या बाबांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक हाय. पण माह्या घरातून नाई." बाबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "तुह्या पुस्तकायची पिशवी भर." त्या दिवशी दोन भाऊ एका ताटाला बसले नाहीत. संध्याकाळपर्यंत बसस्टँडजवळ दोन मुली राहत होत्या त्या खोलीत माझी गादी पडली होती. बाबा शेवटच्या एसटीनं गेले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, समोर बघत होते.

पुढचे आठवडे मी कसे काढले ते धड आठवत नाही. आता पेपर एकट्या माझा राहिला नव्हता. नापास झाले तर बाबा कोणत्या तोंडानं पुसदला येतील, हे प्रत्येक उदाहरणाच्या मागं असायचं. ताईला मी हे सांगितलं नाही. तिनं ओळखलं असेल तर तसं दाखवलं नाही. उलट ती जास्तच कडक झाली.

पेपरचा पहिलाच प्रश्न पाठ केलेल्यांतला नव्हता. मी तो वाचला आणि हात तसाच थांबला, पूर्वी थांबायचा तसा. पंखा फिरत होता, बाजूची मुलगी लिहायलाही लागली होती. मी पेन खाली ठेवला आणि स्वतःला मराठीतून विचारलं, इथं काय बदलून राह्यलं? कशाबरोबर बदलून राह्यलं? दोनदा विचारलं. मग पहिली ओळ सुचली. दुसरी तिच्यामागून आली. एक प्रश्न अर्धवट राहिला, एक चुकला. बाहेर आले तेव्हा पास की नापास, काहीच सांगता येत नव्हतं.

निकाल लागला त्या दिवशी मी माडीवरच होते. मैत्रिणीनं माझा नंबर टाकला, कारण मला टाकवेना. पास. मार्क सांगण्यासारखे नव्हते, पण पास. मी ताईकडे पाहिलं. ती कोणाची तरी वही तपासत होती. तिनं वही बाजूला ठेवली, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाली, "तिसऱ्या वर्षाला ॲनॅलिसिस आहे. ते याच्याहून अवघड. सोमवारपासून ये."

मी बाबांना फोन लावला. ते वावरात होते, वाऱ्याचा आवाज येत होता. "निघाला काय?" त्यांनी विचारलं. "निघाला."

मोठे बाबा नंतर भेटले ते एका लग्नात. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पाऊसपाण्याचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं नाही. बाबा अजूनही बाजाराला पुसदला येतात. पूर्वी भावाकडे मुक्काम करायचे. आता काम आटोपलं की त्याच दिवशी परत जातात, आणि का जातात ते आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही.